टप्पावही: मांडवा ते तेरेखोल, सायकलने

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

वही आजपासून सुरू. काकांना फेब्रुवारीत सत्तर पूर्ण होतील. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी सायकल धरली आणि तेव्हापासून येऊरचा चढ असो की घोडबंदरचा रस्ता, रविवारी ते आमच्यासोबत असतातच. आज फराळाला बसले आणि म्हणाले, "सत्तरीला हॉल नको, केक नको. मांडव्याला उतरायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून तेरेखोलपर्यंत जायचं. येशील ना रे?"

मी लगेच हो म्हणालो. काळजी रात्री सुरू झाली.

आम्ही पाच जण: काका, ताई, कॉलेजातली दोन पोरं आणि मी. चौघांनी मिळून हा किनारा तुकड्यातुकड्यांनी बघितलेला आहे. म्हणून संध्याकाळी सगळ्यांना विचारलं, तुमच्या टप्प्याबद्दल जे आठवतं ते सांगा. ताई म्हणाल्या, "दिघी ते श्रीवर्धन म्हणजे स्वर्ग." मोठा पोरगा म्हणाला, "हरिहरेश्वरच्या पुढे एक-दोन चढ आहेत, पण होऊन जातात." तो एकवीस वर्षांचा आहे. "होऊन जातात" हे ऐकून मी काकांना त्या चढावर कसं नेऊ? माझं स्वतःचं दोन वर्षांपूर्वीचं टिपण काढलं, तर त्यात गणपतीपुळ्यापुढे एवढंच लिहिलेलं: "रस्ता मस्त, मजा आली." काकांच्या कामाचं त्यात काहीही नाही.

ठरवलं, तीन महिन्यांत सगळे टप्पे पुन्हा करायचे. जो जाईल त्याने परत आल्यावर दोन दिवसांत हकीकत सांगायची, मी ती वहीत उतरवायची.

६ नोव्हेंबर

टप्पे कसे पाडायचे यावर बराच वेळ गेला. मुक्कामाप्रमाणे पाडले तर वही फक्त आमच्या कामाची होईल. शेवटी खाड्यांप्रमाणे पाडले.

नकाशात हा किनारा सरळसोट दिसतो. प्रत्यक्षात सह्याद्रीतून आलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना जमीन कापून गेली आहे आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचे सडे, म्हणजे लाल दगडाची उघडी पठारं, उभे आहेत. त्यामुळे क्रम सगळीकडे तोच. खाडीच्या पातळीला उतरायचं, पलीकडे जायचं, जेट्टी संपते न संपते तोच सड्यावर चढायचं, थोडं सपाट, की पुन्हा उतार. घाटासारखा दहा-बारा किलोमीटरचा एक चढ इथे नाही. शंभर-दीडशे मीटरच्या घाट्या आहेत, पण त्या दिवसातून पाच-सहा वेळा येतात आणि प्रत्येक वेळी अंग थंड पडलेलं असतं.

उत्तरेकडून मोजत गेलो. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल. मग चार फेरीबोटी: राजपुरीच्या खाडीत आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. रत्नागिरीपासून पूलच पूल: भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, मग जैतापूरची खाडी, वाघोटण, खाली कर्ली. आणि शेवटी तेरेखोलची फेरीबोट, ती गोव्याची.

१७ नोव्हेंबर, रविवार. मांडवा ते आगरदांडा

काका आणि मी. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. मार्च २०२० मध्ये ही बोट सुरू झाली आणि मुंबईतून सायकल बाहेर काढायचा आमचा मोठा प्रश्न सुटला.

हा टप्पा सोपा, थोडक्यात लिहितो. रेवदंड्याला रस्ता किल्ल्याच्या तटातूनच जातो, तिथे सकाळी गाड्या समोरासमोर अडकतात, सायकल बाजूला घेऊन थांबावं. साळावचा पूल ओलांडल्यावर कोर्लईच्या अंगाला पहिला खरा चढ. काकांनी बसूनच काढला. कोर्लईत अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, ती ऐकायला काका पुढे एका दुकानात अर्धा तास बसले. फेब्रुवारीच्या वेळापत्रकात हा अर्धा तास धरला आहे.

वाऱ्याची नोंद महत्त्वाची. मी वर्गात मतलई वारे आणि खारे वारे दरवर्षी शिकवतो, पण सायकलवर ते वेगळे कळतात. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असतो, जाणवतही नाही. दुपारी एकच्या पुढे समुद्राकडून खारा वारा उठतो आणि हिवाळ्यात तो बहुतेक वायव्येकडून येतो. आपण दक्षिणेकडे जातो, म्हणजे दुपारी थकलेल्या पायांना मागून हात लागतो. उलट दिशेने, तेरेखोलहून वर यायचं म्हटलं तर हाच वारा रोज दुपारी तोंडावर. दिशा बदलायची नाही.

१ डिसेंबर. दिघी ते बागमांडला

पोरं गेली होती. रात्री हकीकत सांगायला घरी आली. दिवेआगर ते श्रीवर्धन रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की शेखाडीजवळ लाटांचे तुषार अंगावर आले म्हणे. हरिहरेश्वरला दर्शन, प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटीच्या वेळीच जाता येतं, म्हणून ती राहिली.

मग चढाचा आकडा विचारला. एकाच्या घड्याळात दिवसभराची चढाई १,०१० मीटर, दुसऱ्याच्या फोनमध्ये १,३९०. दोघं सकाळपासून एकत्र, रस्ता एकच. अंतर मात्र अर्ध्या किलोमीटरच्या फरकाने जुळतं.

कारण शोधलं. घड्याळात हवेचा दाब मोजायची सोय आहे, त्यावरून ते उंची काढतं. फोन उपग्रहांवर अवलंबून. उपग्रहांकडून जागा चांगली कळते, उंची तितकी चांगली कळत नाही. त्यात डोक्यावर दाट झाडी आणि बाजूला कडा असला की आकडा सतत थोडा वर, थोडा खाली होत राहतो. ते सगळे "वर" बेरजेत जातात. म्हणजे सपाट रस्त्यावरही फोन चढतच असतो.

८ डिसेंबर

चढाईच्या आकड्यांचा रकाना आज खोडला. महिनाभर मी तो जिवापाड भरत होतो, म्हणून थोडं वाईट वाटलं.

काका म्हणाले, "मीटर लिहू नकोस. वर पोचायला किती मिनिटं लागली ते लिही. आणि पोचल्यावर बसायला जागा आहे का, ते लिही."

आता प्रत्येक घाटीसाठी एवढं विचारायचं: कुठून सुरू होते, बसून काढली तर किती मिनिटं, कोणता गिअर, उतरून ढकलावी लागली का, सावली कोणत्या हाताला आणि किती वाजेपर्यंत, पाणी कुठे, आणि वर टेकायला पार, पुलाची कठडी, देऊळ, एसटीचा थांबा यांपैकी काही आहे का. "मजा आली" लिहायला कुणालाच मनाई नाही, पण ते शेवटी.

१४-१५ डिसेंबर. वेसवी ते दाभोळ

ही नोंद सविस्तर लिहितो, कारण चूक माझी आहे.

ताई, धाकटा पोरगा आणि मी. पहिला दिवस सुंदर गेला. बाणकोटचा किल्ला, वेळासचा किनारा, केळशीला नारळी-पोफळीच्या आगरांतून जाणारा अरुंद रस्ता, संध्याकाळी आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती. कड्यावर चढायच्या रस्त्याला आम्ही तिघंही उतरून चाललो. वहीत "ढकलावी लागते" असं निःसंकोच लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी हर्णैला माशांचा लिलाव बघण्यात वेळ गेला. मुरूड, कर्दे, लाडघर करत बुरोंडी सोडली तेव्हा दीड वाजला होता. पुढच्या भागासाठी वहीत माझीच जुनी ओळ होती: "पाणी: वाटेत गावं आहेत."

गावं आहेतच. पण कोकणातलं गाव दुपारी एक ते चार झोपलेलं असतं. दुकानाला फळी, हॉटेलाची चूल विझलेली. सड्यावर झाड नाही, खाली जांभा तापलेला. ताई शुक्रवारची रात्रपाळी करून शनिवारी निघालेल्या. दिवसभर नुसतं पाणी प्यायल्या होत्या, तेही संपलं. एका चढाच्या मध्यावर त्यांच्या मांडीत गोळा आला आणि त्या सायकलीवरून जवळजवळ पडल्याच. पाय सरळ होईना. मी बाटली पुढे केली तर ती रिकामी. माझी, पोराची, तिन्ही रिकाम्या. ते मी विसरणार नाही.

पोरगा पुढे पळाला. पाचेक मिनिटांवर एका घराच्या पडवीत एक आजी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला बघून आधी विचारलं, "एसटी चुकली काय?" सायकलने आलो म्हटल्यावर उठल्याच. "बस गो बाय, आधी बस. बोलशील मागाहून." ताईंना पडवीत आडवं केलं, कोकम सरबतात चांगलं चिमूटभर जास्त मीठ घालून तांब्याभर दिलं, विहिरीचं गार पाणी पायांवर ओतलं. पाऊण तासाने गोळा सुटला. ताई नर्स आहेत. उठल्यावर म्हणाल्या, "दादा, घामाबरोबर मीठ जातं हे मी वॉर्डात रोज सांगते. स्वतःच्या बाटलीत टाकलं नाही." मी म्हणालो, "तुम्ही वहीवर विश्वास ठेवलात." खरं तेच होतं.

नवी ओळ: "बुरोंडी ते दाभोळ: दुपारी १ ते ४ पाणी मिळणार नाही असंच धरा. बुरोंडीत माणशी दोन बाटल्या भरा, एकीत मीठ-साखर-लिंबू. शक्यतो हा भाग सकाळी ११ च्या आत संपवा." सगळ्या टप्प्यांच्या पाण्याच्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या. नऊ ठिकाणी मी "गावं आहेत" असं लिहिलेलं सापडलं.

२२ डिसेंबर

आज काकांच्या सायकलचं काम. पुढची लहान चकती ३४ दातांची, मागची सर्वांत मोठी २८ ची. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वा फेऱ्याच्या आसपास फिरतं, सायकल साधारण २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला पन्नास फेरे राखायचे तर चढावर ताशी पावणेआठ किलोमीटरचा वेग हवा. घाटीत तो काकांकडून होत नाही, फेरे कमी होतात आणि भार गुडघ्यावर येतो. कोर्लईला मी मागून बघत होतो, वरच्या वळणावर त्यांचा गुडघा थरथरत होता.

मागे नवी कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बसवली, तिची सर्वांत मोठी चकती ३४ दातांची. आता एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, सव्वादोन मीटरही नाही. तेच पन्नास फेरे साडेसहाच्या वेगाला जमतात. त्याच्या खाली सायकल डुलायला लागते, म्हणजे तिथून पुढे उतरून चालणं बरं. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, लांब पिंजऱ्याचा लागला, चेनही चार कड्या लांब केली. सगळं काकांनी स्वतः केलं, मी फक्त पाने-पक्कड देत होतो. ब्रेकचे रबर मात्र मी आग्रहाने नवे घ्यायला लावले. इथले उतार चढांइतकेच तीव्र आहेत आणि त्यांच्या तळाशी बहुतेक वेळा वळण आणि अरुंद पूल असतो.

२८-२९ डिसेंबर. धोपावे ते गणपतीपुळे

नाताळच्या सुट्टीत जायला नको होतं. दाभोळच्या जेट्टीवर गाड्यांची रांग बाजारपेठेपर्यंत. सायकलींना कडेने पुढे सोडतात, त्यामुळे आम्हाला पहिल्याच फेरीत जागा मिळाली. पण पलीकडे बोटीचा दरवाजा पडला की सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि आपण चढावर त्यांच्या धुरात आणि हॉर्नमध्ये सापडतो. गुहागरकडच्या रस्त्यावर ताईंना एकदा पार कडेला उतरावं लागलं. तवसाळला शहाणे झालो: आधी चढायचं, शेवटी उतरायचं. शेवटची गाडी वळणाआड गेली की मग निघायचं. जयगडचा पूर्ण चढ आम्हाला मोकळा मिळाला.

दाभोळच्या बोटीवरच्या खलाशाने भरती-ओहोटीचा हिशोब सांगितला, तो इथे लिहून ठेवतो. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. परवा तेरस होती: तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, चारच्या सुमारास. आम्ही चारलाच उतरलो आणि उतारावरचं हिरवं शेवाळ पूर्ण उघडं होतं. पोराचं पुढचं चाक घसरलं, कोपर खरचटलं. नोंद: "अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी चार ते सहा जेट्टीवर सायकल हातात धरून चाला."

हेदवीचा दशभुज गणपती, वेळणेश्वर, आणि मालगुंडला केशवसुतांचं घर. १८६६ सालचा जन्म त्यांचा. काकांना कवितांचं फार, तिथे वेळ ठेवायचा.

११-१२ जानेवारी २०२५. रत्नागिरी ते देवगड

आंब्याला मोहोर आलाय, बागांतून जाताना वास अंगाला चिकटतो. पण हा टप्पा सावलीच्या बाबतीत सर्वांत कठीण. पूर्णगडचा पूल ओलांडून वर आलं की कातळसडा, आणि तो मैलोन् मैल चालतो. कशेळीच्या सड्यावर हत्तीचं प्रचंड कातळशिल्प आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ज्यांनी ती कोरली त्यांनाही या उघड्या कातळावर सावली मिळाली नसेल, असं मनात आलं.

सावलीच्या जागा एकेक करून मोजल्या. पावस सोडल्यापासून आडिवऱ्यापर्यंत बसण्यासारख्या सात. प्रत्येक जागी थांबलो, किती वाजेपर्यंत सावली टिकेल ते बघितलं. मोठा पोरगा पहिल्या दिवशी कुरकुरला, दुसऱ्या दिवशी जैतापूरच्या पुढे तोच मला थांबवून दाखवायला लागला, "सर, हे वड लिहा." पडेल कँटीनला संध्याकाळी पाच वाजता मिसळ खाल्ली.

२७ जानेवारी

काल शाळेत झेंडावंदन होतं म्हणून मी गेलो नाही. ताई आणि पोरं देवगड ते वेंगुर्ला करून आली. मोठ्या पोराने लिहून आणलेली हकीकत जशीच्या तशी चिकटवतो आहे, त्यातल्या चार ओळी:

"कुणकेश्वर सोडल्यावर घाटी. बसून ९ मिनिटं, काकांना १४ धरा. सावली डाव्या हाताला, सकाळी साडेनऊपर्यंतच. वर पार आहे, मागच्या घरी बोअरिंगचं पाणी गोड, विचारून घ्यावं, देतात. उतार खडीचा, ब्रेक आधीपासून धरा."

हाच तो "होऊन जातात" म्हणणारा. मी ती ओळ दोनदा वाचली.

८ ते १६ फेब्रुवारी. पूर्ण मार्ग

सात किरकोळ रजा शिल्लक होत्या, सगळ्या टाकल्या. ताई आंजर्ल्यापर्यंत सोबत होत्या, पोरं आठवडाअखेरीला मालवणात येऊन मिळाली. मधले दिवस काका आणि मी.

११ तारखेला आंजर्ल्याहून अंधारातच निघालो आणि बुरोंडी-दाभोळ सड्यावरून साडेदहाला पार झालो. त्या आजींच्या पडवीत थांबलो. ताईंनी त्यांच्यासाठी लाडू दिले होते. आजींनी काकांचं वय विचारलं आणि सरबतात मीठ विचारून घातलं. दुपार दाभोळला चंडिकेच्या भुयारी देवळात गारव्यात काढली. संध्याकाळच्या बोटीने धोपाव्याला उतरलो ती तिथी चतुर्दशी, पाण्याने जेट्टीचा उतार सोडलेला. काका वहीतल्याप्रमाणे सायकल हातात धरून, पाय आडवे टाकत चालले. त्यांच्यामागे एक मोटारसायकलवाला घसरून पडला. आम्ही त्याला उचललं.

१२ ला माघी पौर्णिमा, काकांचा सत्तरावा वाढदिवस. तवसाळच्या बोटीवर खलाशांनी त्यांना कठड्याशी उभं करून नारळ दिला, त्यांनी तो खाडीत सोडला. जयगडच्या चढाला वहीत "काकांना १८ मिनिटं" होतं. त्यांना बावीस लागली, दोनदा थांबून. वर पोचल्यावर काही बोलले नाहीत, फक्त पेन मागितलं.

कशेळीच्या सड्यावर सातांपैकी एक सावली गेली होती. महिन्याभरात कुणी ते झाड तोडलं होतं. खोडाचा ताजा पांढरा काप तेवढा राहिला होता. काका त्यावर बसले आणि मी छत्री धरली.

तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला असूनही गोव्याचा, त्यामुळे रेडी संपली की पाटी बदलते आणि नदी अजून पुढेच असते. १६ ला सकाळी सव्वाअकराला काकांनी किल्ल्याच्या भिंतीला सायकल टेकवली. मीटरवर ५६२ किलोमीटर. मग फेरीबोटीने केरीला जाऊन परत आलो, कारण काकांना पाचवी बोट सोडायची नव्हती.

२० फेब्रुवारी

सावंतवाडीहून रेल्वेने सायकली सामानाच्या डब्यात घालून आणल्या. वही चार दिवस काकांकडे होती, आज परत आली. त्यांनी निळ्या पेनाने एकतीस दुरुस्त्या केल्या आहेत. वाढदिवसाच्या पानावर एवढंच:

"जयगड: २२ मि. पहिल्या वळणावर थांबू नये, तिथे उतारावरून एसटी येते. दुसऱ्या वळणावर थांबावं. तिथून बोट परत जाताना दिसते."